धोंड लोटील कोण, भाई

मामांचं गायलेलं प्रवचन ज्यानं ऐकलं नाही त्याला ते सांगून कळायचं नाही, आणि ज्यानं ऐकलंय त्याला सांगायची गरज नाही. तरी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरूनच झालं.

मामा नात्यानं कुणाचेच मामा नव्हेत. आमच्या चर्चच्या सगळ्या मंडळीचे मामा. धंदा जुन्या खुर्च्या-सोफ्यांना नवं भरण घालून नवं कापड चढवायचा. आठवडाभर तोंडात मूठभर चुका, म्हणजे बारीक खिळे, धरून बसायचे आणि एकेक काढून ठोकायचे. "आठवडाभर तोंडात चुकाच असतात, रविवारी तरी एखादी कमी निघावी," हा त्यांचा ठरलेला विनोद. आम्ही दर वेळी हसायचो. पण त्या कामात कापसाची धूळ छातीत जाते. पुढे पुढे दोन ओळींपलीकडे त्यांना श्वास पुरेना. तरी प्रवचन थांबलं नाही, कारण मामी होत्या. मामा दोन ओळी गात, तिसरी मामी उचलत, आणि त्यांच्या मागोमाग आम्ही बायका. तेवढ्यात मामा खांदे सोडून छाती भरून घेत. नव्या माणसाला वाटे, वा, काय सुंदर बेतलंय. बेत कसला, दमा होता तो.

मामी इस्पितळाच्या धुलाईघरात मुकादम. एका चादरीची दोन टोकं दोघींनी धरायची, झटकायची, जुळवायची, पुढे यायचं, मागे जायचं. ध्रुवपदाची तालीम आम्ही तिथेच करत असू. मामींचं तोंड असं की मोठमोठे डॉक्टर मळका कोट गुपचूप टोपलीत टाकून पळ काढायचे.

आणि मामांची ती गोष्ट सांगायची तऱ्हा. लग्नघरी प्रभूनं पाण्याचा द्राक्षरस केला, हे सगळ्यांनाच ठाऊक. मामा तिथे घडे भरणाऱ्या गड्याला उभं करत. पाणी वाहून त्याची कंबर मोडलीय, पाहुणे रसाची वाहवा करताहेत आणि हा कोपऱ्यात कुरकुरतोय की वाहिलं मी, नाव दुसऱ्याचं. मग कुणीतरी पेला त्याच्याही हातात देतं. तो एक घोट घेतो आणि गप्प होतो. त्या गप्प होण्यावर मामा असे थांबायचे की मागच्या बाकापर्यंत कुणी खोकायचं नाही. आमचे थोरले पाळक पहिल्या बाकावर डोळे पुसत म्हणायचे, "हे शास्त्रात नाही. पण शास्त्राच्या शेजारच्याच घरात राहतं."

थोरले पाळक तसेच होते. कुणी पिऊन आला आणि मागच्या बाकावर आडवा झाला, तर त्याच्या डोक्याखाली आपली शाल घडी करून ठेवायचे. देवाच्या घरी झोप लागली, म्हणजे ते घर आपलं वाटलं, म्हणायचे. शास्त्रातली, जुन्या मंडळ्यांना लिहिलेली पत्रं वाचताना नेहमी बजावायचे की दुसऱ्याच्या नावचं पत्र वाचतोय आपण. आधी विचारा, तिकडे त्या वेळी काय भांडण चाललं होतं.

ते गेले आणि त्यांच्या जागी आले मामांचे जावई. सख्खे. मामांच्या मुलीचा, आमच्याच ताईचा नवरा. जावयाला नाही म्हणता येत नाही आणि पाळकाला त्याहून येत नाही. आता दोघे एकाच कोटात शिरून आले, करा काय करायचं ते.

माणूस वाईट होता, असं म्हणून मला सुटता यायचं नाही. व्यसन नाही, लबाडी नाही, पहाटे उठून गुडघे टेकायचा, तुरुंगात जाऊन कैद्यांना भेटायचा. पण त्याचं शास्त्र आणि आमचं शास्त्र एकाच छापखान्यातून आलेलं असून एक नव्हतं. आम्ही ते उघडत होतो. तो ते उगारत होता. कुणी काही विचारलं की त्याचं बोट ओळीवर जायचं. "लिहिलंय ना? मग." एवढंच. त्या "मग"पुढे काही नसायचं. कुणाची म्हातारी आई अंथरुणाला खिळलीय, कुणाची मुलगी दुसरं लग्न करतेय, कुणाचा मुलगा शाळेत डोंगरांचं वय लाखो वर्षं म्हणून शिकून आलाय, सगळ्यांना तेच एक "मग". देवानं जग सहा दिवसांत घडवलं म्हणे; या माणसाला एका दिवसात आमच्यातले निम्मे गुन्हेगार दिसले.

येऊन महिना होतो न होतो तोच त्यानं सांगितलं, बायका मंडळीत तोंड उघडणार नाहीत. एका पत्रात तसं लिहिलंय. स्तोत्रं सगळ्यांनी मिळून म्हटली तर चालतील, पण प्रवचनात बाईनं ओळ उचलायची म्हणजे ती उपदेशाला बसली. पुढच्या रविवारी मामांचं प्रवचन नव्हतंच. त्याच्या पुढच्या रविवारीही नव्हतं. प्रकरण असंच विरून जाईल, असं आम्हाला वाटत होतं.

पण थोरल्या पाळकांच्या आठवणीची उपासना ठरली. त्यांच्या बाईंनी, आमच्या थोरल्या बाईंनी, एकच गोष्ट मागितली, मामांचं पहाटेचं प्रवचन. ते त्यांच्या माणसाचं लाडकं. पहाटे बायका सुगंधी तेलं घेऊन प्रभूच्या कबरेकडे निघाल्यात, अजून अंधार आहे, आणि चालता चालता त्यांना आठवतं की कबरेच्या तोंडावर भलीमोठी धोंड आहे. मामा त्यांची वाट गात, वाटेतले काटे, कुणाचं तेल सांडलं, कुणाची चप्पल तुटली. आणि दर दोन ओळींनंतर मामी आणि आम्ही विचारत असू:

धोंड लोटील कोण, बाई, धोंड लोटील कोण?

नव्या पाळकाला थोरल्या बाईंना नाही म्हणवेना. तेवढी लाज होती. तो मामांच्या दुकानात गेला, एका उसवलेल्या खुर्चीच्या काठावर बसला आणि म्हणाला की प्रवचन होऊ दे, फक्त ओळ पुरुष उचलतील. मामांनी विचारलं, मामीचं काय. तो म्हणाला, आई समजून घेतील, त्या देवभीरू आहेत. हे सगळं आम्हाला मामांच्याच हाताखालच्या कारागिरानं सांगितलं. आणि हेही सांगितलं की मामा बराच वेळ चुका तोंडात धरून बसले, मग त्या हातावर काढल्या आणि हो म्हणाले.

मामींना ते रात्री जेवताना कळलं. आदळआपट होईल, असं मामांना वाटलं असणार. मामींनी ताट वाढलं, पाणी ठेवलं आणि म्हणाल्या, "जावई बाहेरून आला. तुम्ही तर घरातलेच ना." त्यानंतर घरात लागेल तेवढंच बोलणं. दुसऱ्या दिवशी धुलाईघरात चादरी अशा झटकल्या जात होत्या की माझ्या हातातलं टोक दोनदा सुटलं.

पुरुषांची तालीम सुरू झाली. खाटीक, ट्रकचा ड्रायव्हर, वायरमन आणि शाळेचा शिपाई. खाटकाचा आवाज तळघरातून येतो. पहिल्याच दिवशी त्यानं छाती फुगवून "धोंड लोटील कोण, बाई" म्हटलं आणि दाराशी उभी असलेली पोरं हसून हसून लोळली. ड्रायव्हर म्हणाला, बाई म्हणून मी कुणाला हाक मारू, ह्या वायरमनला? वायरमन म्हणाला, मार, पण घरी सांगू नकोस. तालीम तिथेच मोडली.

नव्या पाळकानं तोडगा काढला. "बाई"च्या जागी "भाई" म्हणा. चाल तीच राहते, मात्रा तेवढ्याच.

मामा म्हणाले, एका अक्षराचीही भर घालू नका म्हणून तुम्ही आम्हाला दर रविवारी धाक घालता, आणि इथे बाईचा भाई केलात. तो म्हणाला, हे गाणं आहे, शास्त्र नाही. मामा म्हणाले, मग शास्त्राचा नियम गाण्याला कशाला? यावर तो म्हणाला, "मामा, तर्क सैतानालाही येतो." मामांनी मान खाली घातली आणि तालीम पुढे चालू झाली. हे मला कळलं तेव्हा खरं सांगते, मला जावयाचा राग आला नाही. तो मामांचाच आला. प्रवचनाला उभं राहायची हौस माणसाला किती वाकवते.

उपासनेच्या दिवशी चर्च भरलं होतं. थोरल्या बाई पुढे, त्यांच्या शेजारी मामी, मागे आम्ही. ताई पलीकडच्या बाजूला पाळकाच्या बाकावर एकटी. लहानपणापासून ती आमच्यात दुसरा आवाज धरायची. आता हात मांडीवर आणि नजर हातांवर.

मामा उभे राहिले. सुरुवातीच्या दोन ओळी झाल्या. मी मनात म्हणत होते की हे फसू दे. देवाच्या घरात बसून मी असं मागितलं. खाटीक चुकू दे, ड्रायव्हर उशिरा येऊ दे, मामांचा श्वास अडू दे, म्हणजे सगळ्यांना कळेल. मामांच्या मनातही तेच असणार. फसलं की आपण सुटलो.

आणि फसलं नाही. चौघे अगदी वेळेवर आले, सुरात आले, त्या भरदार आवाजांनी छत भरून गेलं. धोंड लोटील कोण, भाई, धोंड लोटील कोण. मामांना हवा तेवढा श्वास मिळाला, उलट जास्तच मिळाला. पोरंसुद्धा हसली नाहीत. दुसऱ्या वेळी आणखी छान झालं. थोरल्या बाईंनी मान वर करून इकडे तिकडे पाहिलं, कुणीतरी चुकीच्या घरी आल्यासारखं. मामी समोर बघत होत्या, मामांकडे नाही, भिंतीकडे.

तिसऱ्या वेळी "भाई" झालं आणि मामांनी पुढची ओळ घेतली नाही. श्वास होता. छाती भरलेली दिसत होती. पण ते गाईनात.

"पुढे चला, मामा," जावई हळूच म्हणाला.

मामा म्हणाले, "तिथे भाई कुणी नव्हता." आवाज गाण्यातला नव्हता, दुकानातला होता. "त्या पहाटे सगळे भाई, सगळे शिष्य, दाराला कडी लावून आत बसले होते. घाबरून. मी पण असतो तर आतच असतो. ही आपली ओळ नाही रे बाबांनो. आपण रस्त्यात नव्हतोच." आणि ते मामींकडे वळून उभे राहिले.

आता मामी उठतील, ओळ उचलतील, आम्ही मागोमाग उचलू, सगळं चर्च रडेल, असं मला वाटलं. मामी उठल्या नाहीत. नवऱ्यानं परवानगी दिली म्हणून गाणारी ती बाई नव्हे. मामा उभे, मामी बसलेल्या, मध्ये कुणी नाही.

तेव्हा थोरल्या बाई म्हणाल्या की अरे, म्हणू दे ना तिला, माझ्या माणसाला तिचीच ओळ आवडायची.

जावयाचं बोट ओळीवर गेलं. शास्त्र उघडं होतंच. बायकांनी मंडळीत बोलू नये, म्हणाला, आणि काही जाणून घ्यायचं असेल तर घरी आपापल्या नवऱ्याला विचारावं. "लिहिलंय ना? मग."

"माझ्या नवऱ्याच्याच आठवणीला आलोय ना बाळा आपण," थोरल्या बाई म्हणाल्या. "त्याला आता कुठल्या घरी विचारू?"

त्या "मग"नंतर पहिल्यांदाच काहीतरी आलं होतं. एखाद्या साध्या पाळकानं पुस्तक मिटलं असतं, त्या म्हातारीजवळ जाऊन बसला असता. शास्त्राला त्यानं काही झालं नसतं. ते याहून कितीतरी मोठ्या गोष्टी सोसून आलंय. यानं काय केलं? पान उलटून पाहिलं. विधवांनी कुणाला विचारावं, ते पुढे कुठे लिहिलंय का, हे तो शोधत होता. भर उपासनेत, त्या बाईला समोर बसवून. कट्टरपणा म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी ते पान उलटणं सांगीन.

मामी उठल्या. पदर खोचला, चप्पल पायात सरकवली. "लिहिलंय ते खरं आहे, जावईबापू," त्या म्हणाल्या. "मला विचारायचंय. नवऱ्यालाच विचारायचंय. आणि घरीच विचारायचंय." मामांच्या बाहीला धरून त्या निघाल्या. दुसऱ्या हातानं थोरल्या बाईंना उठवलं. तुमचा नवरा नाही तर माझा घ्या अर्धा, म्हणाल्या, तसाही आज पुरता नाहीये तो.

दोघी-तिघींना आधी कळलंच नाही. मग खाटकाची बायको उठली आणि पुरुषांच्या रांगेकडे बघून म्हणाली, "चला हो. मला पण विचारायचंय."

"आत्ता?" खाटीक म्हणाला.

"आत्ता नाही विचारलं तर विसरेन."

मग काय विचारता. ड्रायव्हरची, वायरमनची, शिपायाची. माझाही नवरा कुरकुरत उठला, हे काय चाललंय म्हणत. म्हटलं, तेच तर विचारायचंय, घरी चल. ज्यांना नवरे नव्हते त्या शेजारणीच्या नवऱ्यामागे निघाल्या. कुणी मोठ्यानं बोललं नाही, कुणी नियम मोडला नाही. पत्रात लिहिल्याप्रमाणे अक्षर न् अक्षर पाळून चर्च रिकामं झालं.

ताई तेवढी बसून राहिली. तिचा नवरा आतच होता. मामींनी दारातून वळून पाहिलं, पण हाक मारली नाही.

मामांचं घर दोन खोल्यांचं. आम्ही आत, जिन्यात, खाली दुकानात, अर्धवट उसवलेल्या सोफ्यावर, जिथे जागा मिळेल तिथे. गंमत वाटत होती सगळ्यांना. पण मामींना गंमत करायची नव्हती. मामांना पलंगावर बसवून त्या समोर उभ्या राहिल्या आणि सगळ्यांसमोर विचारलं, "त्याला हो का म्हणालात?"

मामांनी इकडे तिकडे पाहिलं. मुलीचा संसार, पाळकाचा मान, काहीबाही सांगता आलं असतं. आम्ही विश्वासही ठेवला असता.

"मला उभं राहायचं होतं," मामा म्हणाले. "तू नसतीस तरी."

मामींनी मान हलवली, दुकानात गिऱ्हाइकाचं माप लिहून घ्यावं तशी. नवऱ्याच्या शेजारी नाही बसल्या. खिडकीजवळ वाळलेल्या कपड्यांचा ढीग होता, त्याच्यापुढे पाठ करून उभ्या राहिल्या आणि घड्या घालायला लागल्या. शेवटी थोरल्या बाईच म्हणाल्या, तुमचं भांडण आयुष्यभर पुरेल गं, माझ्या माणसाचं आज उरकून घ्या.

म्हणून मामांनी सुरू केलं. बसूनच. पहाट, अंधार, सांडलेलं तेल. दोन ओळी झाल्या, श्वास संपला, आणि मामींनी ओळ उचलली. वळल्या नाहीत. रागातच उचलली, एखादी जड चादर उचलावी तशी. पण उचलली. आम्ही मागोमाग. धोंड लोटील कोण, बाई. त्या लहानशा खोलीत ते इतकं जवळून आलं की वायरमन जिन्यावर तोंड फिरवून उभा राहिला. मी कितीक मोठी चर्चं पाहिली असतील, पण देव त्या दिवशी त्या धुतलेल्या कपड्यांच्या वासातच होता, हे मी मरेपर्यंत सांगीन.

मधल्याच कडव्यात जिन्यातली माणसं बाजूला सरकली. नवा पाळक आला होता, शास्त्र काखेत, आणि त्याच्या मागे ताई. तो उंबऱ्यावरच थांबला.

"या जावईबापू," मामी पाठ न वळवता म्हणाल्या. "आत या. घर आहे, इथे बायका बोलतात."

तो आत आला नाही. मंडळी फोडणं हे केवढं पाप आहे, ते त्यानं सांगितलं, ओळीसकट. मग म्हणाला की मामा आणि मामी, दोघांनाही प्रभुभोजन बंद. पश्चात्ताप करून त्याच्यापुढे येईपर्यंत.

मामांचा चेहरा पांढरा पडला. हे ऐकणाऱ्याला कदाचित मोठं वाटणार नाही. एक भाकरीचा तुकडा आणि एक घोट. पण आमच्यासारख्याला तेच तर सगळं आहे. जन्मभर त्याच पंगतीला बसून माणूस म्हातारा झालेला असतो. थोरल्या पाळकांनी त्या पंगतीतून कधी चोराला उठवलं नव्हतं. आणि यानं सासऱ्याला उठवलं, सासूच्या एका ओळीपायी.

"भोजन प्रभूचं आहे की तुमचं?" मामींनी विचारलं. आता वळल्या होत्या.

त्यानं काखेतलं शास्त्र चाचपलं. तिथे लिहिलेलं काही नसावं. "चल," तो ताईला म्हणाला आणि जिना उतरू लागला.

ताईनं आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. राहील, असं वाटलं. राहिली नाही. त्याच्या मागे खाली गेली. मामींच्या हातातला सदरा तसाच राहिला. मामा म्हणाले, आता नको गाऊया.

मग खिडकीतून ताईचा आवाज आला. ती रस्त्यातच विचारायला लागली होती. रस्ता म्हणजे चर्च नव्हे, घरही नव्हे. त्याबद्दल कुठल्या पत्रात काही नाही. तो पुढे भरभर चालला होता, ती मागून, आणि एकामागून एक विचारत होती. शब्द कळत नव्हते, नुसते प्रश्नांचे हेल कळत होते. समोरच्या घराची खिडकी उघडली, मग तिच्या शेजारची. ती थांबत नव्हती. वळणापर्यंत ऐकू येत राहिलं.

मामींनी सदऱ्याची घडी पुरी केली. "पुढचं घ्या," मामांना म्हणाल्या. "श्वास आलाय ना?"